दुखरा डावा, पट्टी उजव्याला

आयलीनचा फोन आला तेव्हा मी ब्रिस्टलमधल्या माझ्या क्लिनिकमध्ये एका आजोबांचा खांदा फिरवत होते. "मीनल, कॅलम गेला गं. सकाळी, झोपेतच." आजोबांचा हात माझ्या हातातच राहिला... महिना होत आला. पण तिच्या नवऱ्याबद्दल तिच्याशी बोलायला लागलं की रडायच्या आधी हसूच येतं. काय करणार, माणूसच तसा होता!

कॅलम ग्लासगोचा. उभी कारकीर्द फुटबॉलच्या डिफेन्समध्ये काढली. आधी स्कॉटलंडमध्ये, मग इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजन्समध्ये, आणि शेवटची चार वर्षं आमच्या क्लबात. मी तेव्हा तिथली फिजिओ, नागपूरहून आलेली. त्यानं जन्मात दोन गोल केले, त्यातला एक स्वतःच्याच टीमवर, हे तोच छाती फुगवून सांगायचा. डावा गुडघा पार कामातून गेलेला, आणि हा पठ्ठ्या दर मॅचला पट्टी बांधून घ्यायचा उजव्याला! पहिल्यांदा मला वाटलं, माझंच चुकतंय.

"अरे, दुखतोय डावा ना?"

"हो, पण समोरच्या फॉरवर्डला ते कशाला सांगू? पट्टी दिसली की तो त्याच बाजूनं घुसतो. मी तिथे तयारच असतो."

आणि घुसायचे की बावळट! मी बेंचवर तोंडाला टॉवेल लावून हसायचे.

मग सीझनची शेवटची मॅच आली. हरलो तर क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये आणि निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. बरोबरी झाली तरी वाचलो. स्कॅन बघून मी त्याला स्पष्ट सांगितलं, "आणखी एकदा वळला तर हा गुडघा आयुष्यात वाकायचा नाही."

"तू नाही म्हण, मी नाही खेळणार," तो म्हणाला. झालं! सगळं माझ्याच गळ्यात. त्याचे डोळे नुसते चमकत होते हो... मी मुकाट्यानं उजव्या गुडघ्याला पट्टी बांधली.

शून्य-शून्य. शेवटचं मिनिट. समोरच्यांचा नऊ नंबरचा फॉरवर्ड मात्र बेरकी निघाला, पट्टीकडे ढुंकूनही न बघता थेट डाव्या बाजूनं घुसला. कॅलमला चकवलं, गोलकीपरला चकवलं, बॉल निघाला रिकाम्या गोलकडे! मी चक्क मराठीत बोंबलले, "अरे मार, मार रे बाबा!" कॅलम त्याच गुडघ्यावर गर्रकन वळला, अंग झोकून दिलं आणि रेषेवरून बॉल लाथाडला. शिट्टी! वाचलो! मी धावत पोचले तेव्हा तो गवतावर आडवा पडून हसत होता.

"गेला ना?" मी विचारलं.

"बॉल गेला. गुडघाही गेला."

तो परत कधी खेळला नाही. मी त्यांच्या घरी जायचे, चहा प्यायचे, पण मनातलं विचारायची हिंमत झाली नाही. अंत्यसंस्कारानंतर पाहुणे पांगले, तेव्हा आयलीनला विचारलं, "त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं का?"

तिनं मला जिन्यापाशी नेलं. "गुडघा वाकायचा नाही, म्हणून तो कठडा धरून उलटा उतरायचा. रोज सकाळी, प्रत्येक पायरीला त्या शेवटच्या मिनिटाची कॉमेंट्री करत. खालच्या पायरीवर बॉल लाथाडायचा, आणि मी इथं उभी राहून प्रेक्षकांसारखं ओरडायचं."

"इतकी वर्षं?"

"एक दिवस खाडा नाही. आता सकाळी मी नुसतीच येऊन उभी राहते."

मला राहवेना. बूट काढले, वर गेले, कठडा धरला आणि उलटी उतरायला लागले. नऊ नंबर आला, कॅलमला चकवलं, गोलकीपरला चकवलं... पायरीगणिक मोठ्यानं कॉमेंट्री करत गेले. शेवटच्या पायरीवर पाय फेकला, आणि काळ्या कपड्यातली आयलीन घर दणाणेल अशी ओरडली.