‘खाली’ म्हणायचं नाही

तीन माणसं एका तंबूत हिवाळाभर राहिली की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे जरा जास्तच साचले, कारण आम्ही सगळे मनातून घाबरलेले होतो, आणि घाबरलेला माणूस फार बोलतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तुमसरच्या बाजूला जमिनीतली खनिजं शोधायला एक छोटं विमान आणलं होतं. त्यावरच्या यंत्राला उंचावरून काही कळत नसे. त्यामुळे आंबागडच्या डोंगरांवरून विमान न्यायचं ते सागाच्या शेंड्यांना जवळजवळ चाटून. चालवणारे कॅप्टन माथुर लखनौकडचे, मराठी अर्धंमुर्धं समजणारे. वायरलेसवर भंडाऱ्याचा रामटेके, आणि नकाशे काढायला मी. वाट तिघांनी मिळून आखायची. चुकली तर मरणार मात्र एकटे माथुर. हे आम्हाला जेवतानासुद्धा आठवायचं.

* * *

नकाशावर डोंगर म्हणजे नुसत्या वाकड्या रेघा. म्हणून रामटेकेने तंबूमागे चिखलाचे डोंगर केले, मधल्या खिंडीसकट. माथुर रोज सकाळी हात पसरून त्या खिंडीतून अनवाणी चालायचे. हसू यायचं, पण आम्ही हसत नव्हतो.

एकदा शेजारची म्हैस आली आणि तिने सगळी रांग तुडवली.  माथुर म्हणाले, “इसको असली पहाड़ पर भी एक चक्कर लगवा दो.”

मी पोट धरून हसलो. रामटेके पुन्हा चिखल कालवायला बसला.

* * *

विमान पाहून लोक बिचकू नयेत म्हणून आंबागडात दवंडी दिली: “विमान खाली येनार हाये हो!”

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने गावात गेलो, तर अर्धं गाव शेतात उभं. कापलेल्या धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, झाडून साफ केलेली, सरपंचांच्या हातात हार. विमान उतरणार, असा त्यांचा समज! माथुरांना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी तो हार निमूटपणे घालून घेतला.

बाजूला एक म्हातारे गाठोडं घेऊन बसले होते. मी विचारलं, कुठे निघालात?

“लेकीकडं, नागपूरले. विमान खाली येऊन राहिलं म्हनते. मंग रिकामंच कायले नेता? मले घ्या ना.”

हिंदीतला ‘खाली’, म्हणजे रिकामा, आपल्याकडे घरोघरी चालतो, त्यात म्हाताऱ्यांची काय चूक? माथुरांनी त्यांना जीपने तुमसरला नेलं आणि नागपूरच्या गाडीत बसवून दिलं.  परत आल्यावर तंबूत शिरता शिरता ते म्हणाले, “यही लफ्ज़ किसी दिन मुझे मारेगा.”

* * *

त्याच दिवशी नियम झाला. खिंड दिसत असेल तर ‘मोकळी’, ढगात असेल तर ‘बंद’. ‘खाली’ हा शब्द वायरलेसवर नाही, तंबूतही नाही. ज्याच्या तोंडून निघेल त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा.

सवय मोडणं सोपं नव्हतं. “बसा जमिनीवर”, “डबा संपला”, “पेन्सिल पडली, पायाशी बघा” असं आम्ही बोलू लागलो. अड्याळहून आलेल्या माझ्या मेहुण्याला वाटलं, आमच्या डोक्यावर काही परिणाम झालाय. सगळ्यात जास्त चहा मी केला. रामटेकेवर एकदाही वेळ आली नाही. तो बोलण्याआधी क्षणभर थांबायचा.

* * *

मग तो दिवस आला. रामटेके पहाटेच आंबागडच्या किल्ल्यावर, खिंड दिसते त्या बुरुजावर, वायरलेस घेऊन बसला होता. विमान निघालं तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. मी तंबूतल्या सेटपाशी ऐकत होतो. माथुर डोंगराजवळ पोचले आणि त्यांनी विचारलं, “रामटेके, घाटी कैसी है?”

खरखर झाली. खरखरीतून रामटेकेचा आवाज आला, तुटक, ओळखू न येण्यासारखा. त्यातला एकच शब्द धड ऐकू आला.

“...खाली...”

पुढे काही नाही. मी सेटवर ओरडत राहिलो. कुणीच उत्तर दिलं नाही. मला तेव्हा माथुरांच्या बायकोला काय सांगायचं एवढंच सुचत होतं.

बऱ्याच वेळाने विमानाचा आवाज आला. माथुर उतरले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजलेला होता. मी विचारलं, परत कसे फिरलात? तुम्हाला तर खिंड रिकामी आहे असं ऐकू आलं असणार.

“वो कभी नहीं बोलता ये लफ्ज़. आज बोला, तो समझ गया कि बहुत डरा हुआ है.”

संध्याकाळी रामटेके किल्ल्यावरून आला. ढग खिंडीत ‘खाली’ येऊन राहिले, हे सांगताना त्याला नियम आठवलाच नव्हता. विमानाचं काय झालं, हेही त्याला वाटेत कळलं नव्हतं. तंबूच्या दारात माथुर उभे दिसले, तसा तो जागीच थांबला. मग आत गेला, स्टोव्ह पेटवला आणि चहा टाकला. 

माथुरांनी चहा सावकाश संपवला. ग्लास उलटा करून रामटेकेसमोर धरला.

“खाली है,” ते म्हणाले. आणि उठून स्वतः स्टोव्हपाशी जाऊन बसले.