बेटावरचं जाळं

आधीच सांगतो, मी क्वालिटी इन्स्पेक्शनमधला माणूस. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत व्हर्नियरने मापं घेण्यात माझी सारी नोकरी सरली. भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून चहा टाकायला जातो. तेव्हा पुढचं वाचून कुणाला हसू आलं, तर मला राग येणार नाही.

आम्ही ठाण्याचे कोळी. घर कोपरीत, खाडीच्या अंगाला. फाटकं जाळं सांधावं तर माझ्या बाबांनीच, असं अख्खा कोळीवाडा म्हणायचा. त्यांची एक खोड मात्र होती – सांधून झालं की जाळ्याचं शेवटचं एक घर, म्हणजे भोक, ते मुद्दाम दुप्पट मोठं ठेवायचे, आणि उरलेला दोरा न कापता दाताने तोडायचे. "सगला आपुनच खावाचा काय? एकाला तरी वाट ठेवाची," म्हणायचे. आजोबाही तसंच करत. दुसऱ्या कुठल्याच कुटुंबात ही पद्धत नाही आणि यावरून वाडा आम्हाला मनसोक्त चिडवायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाबांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, पण उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, त्या हाताची आशा आता सोडा. त्या दिवसापासून बाबांनी बोलणंच टाकलं. घास भरवायला गेलं की तोंड फिरवायचे. नेमकं तेव्हाच कंपनीने मला ट्रेनिंगसाठी जपानला पाठवायचं ठरवलं.

"जा तू," आई म्हणाली. "हितं बसून काय करशील? पन त्यांना सांगून जा."

मी सांगितलं. ते खाडीकडे बघत राहिले. परत येईपर्यंत हा माणूस असेल ना, एवढीच धास्ती घेऊन मी विमानात बसलो.

तिथे एका रविवारी आमच्या सेक्शनचे इतोसान मला एका लहानशा बेटावर घेऊन गेले. सकाळची पहिली बोट, उतरल्यावर भाड्याच्या सायकली, आणि घाई कशाचीच नाही. काय बेट होतं म्हणून सांगू... मुळात कोळ्यांचं गाव, तरुण पोरं शहरात गेलेली. रिकाम्या घरांत कलाकारांनी आपली कला मांडून ठेवलेली. धक्क्यावर निळ्या लोखंडाची एक भलीमोठी चौकट, तिच्यातून समुद्र बघायचा. भाताच्या जुन्या कोठारात नुसता अंधार, आणि भिंतीतल्या बारीक भोकांतून आत येणारं ऊन. त्या चौकटीचं वेल्डिंग तर असं, की मी बोट फिरवून शिवण शोधली आणि मला सापडली नाही. रस्त्याकडेला संत्र्यांची टोपली, राखायला कुणी नाही. मी दिवसभर नुसता 'वा' म्हणत होतो.

दुपारी आम्ही एका कोळ्याच्या जुन्या घरात शिरलो. छताला गावातली सगळी जुनी जाळी टांगलेली. वर काचेची कौलं, त्यामुळे जाळ्यांच्या सावल्या खाली चटईवर हलत होत्या. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं. मला एकदम घर आठवलं, डोळे भरून आले.

आणि मग वर बघता बघता मला ते दिसलं. एका जाळ्याला ताजा सांधा होता. दोरा नवा, गाठी घट्ट, एकसारख्या. कोपऱ्यातलं शेवटचं घर दुप्पट मोठं... दोऱ्याचं टोक चावून तोडलेलं.

मी इतोसानना म्हटलं, विचारा, हे कुणी सांधलं? घर सांभाळणारी म्हातारी हसली. बराच वेळ बोलली. इतोसान थांबत थांबत इंग्रजीत सांगू लागले – मागे वादळात ते जाळं फाटलं होतं, सांधणारं गावात कुणी उरलं नाही. आज सकाळी ती दार उघडायला आली तर एक अनवाणी गृहस्थ आत बसून जाळं सांधत होते. अवाक्षर बोलले नाहीत. तिने चहा दिला, तो घेतला आणि गेले. तिने माझ्या तोंडाकडे बोट केलं.

"ती म्हणते, तुमचे कोणी असतील. चेहरा हाच."

मग तिने आम्हालाही चहा दिला. त्यांचा तो हिरवा, कडसर, बिनदुधाचा.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन लावला. काय ऐकावं लागतंय कुणास ठाऊक. आई आली. "बरे हायेत," म्हणाली. "आज पहाटेपासून ओट्यावर डोले मिटून बसलेले. उजव्या हाताची बोटं हालत होती रे. मी बघितली ना."

मी तिला काहीच सांगितलं नाही. परतल्यावरही नाही. बेट बघितलं, छान होतं, एवढंच. ते घर, ती म्हातारी, काही नाही.

घरी पोचलो त्या दिवशी आईने बाबांसमोर चहा ठेवला. त्यांनी उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता, पण कप त्यांनीच उचलला. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

मला याचं स्पष्टीकरण देता येत नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. त्यांचं म्हणणं मी हाताबद्दल मान्य करतो. पण त्या दिवशी बाबा चहाचा घोट घेऊन, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा, माझ्याशी जे बोलले, त्याचं काय करू?

"ती म्हातारी बाय चांगली रे," ते म्हणाले. "पन तिचे चायेन साकरच नाय."