उमरावाची सहावी मुलगी

आमच्या त्रुआ शहरात ज्याच्याकडे पैसा, त्याला स्वर्गाची घाई. चर्चला रंगीत काचांची खिडकी द्यायची आणि तिच्या तळाशी आपलं अख्खं कुटुंब गुडघे टेकून बसवायचं, ही उमरावांची रीत. बापामागे मुलगे, आईमागे मुली. जे पोर देवाघरी गेलं त्याच्या डोक्यावर लहानसा लाल क्रॉस काढतात, पण रांगेतून उठवत नाहीत.

हे चेहरे काचेवर काढायची आमची मालकीण ओदेत. मी तिबो, तिच्या काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवणारा. नवरा गेल्यावर कारखाना तिनेच चालवला. हात असा की वाकड्या नाकाचा माणूसही खूश होऊन जाई, आणि जीभ अशी की तो गेल्यावर आम्ही पोट धरून हसायचो. साथीच्या वर्षी तिची चार वर्षांची मारियों गेली. साथीतली प्रेतं गावाबाहेर एकाच खड्ड्यात टाकली आणि वर चुना ओतला. "त्यांच्या पोरी मेल्या तरी चर्चमध्ये बसतात," ओदेत एकदा म्हणाली. "माझीला मी कुठे शोधू?" तिला एवढंच हवं होतं, पोरीला कुठेतरी जागा.

पुढे उमराव आंत्वान खिडकीचं काम सांगायला आले.

"अंगावर चिलखत दाखवा," ते म्हणाले. लढाई त्यांनी लांबूनही पाहिली नव्हती. आंत्वान म्हणजेच अँथनी, म्हणून मागे त्यांच्या नावाचे संत अँथनी पायाशी डुक्कर घेऊन उभे राहणार असं ठरलं, तर म्हणे, "संत असू दे, त्यांचं डुक्कर नको. लोक नको ते बोलतील."

"डुकराशिवाय संत ओळखू कसे येणार, सरकार? लहान काढते. तुमच्याशेजारी कोणाच्या लक्षातही येणार नाही."

मुलगे त्यांनी नावानिशी सांगितले. मुलींचं विचारल्यावर कारभाऱ्याकडे बघितलं. कारभारी म्हणाला, "पाच. दोघींवर क्रॉस."

ओदेतने सहा काढल्या.

काचा जोडताना माझ्या लक्षात आलं. शेवटची मुलगी, काळे केस, डोक्यावर क्रॉस. ती हनुवटीवरची खळी मी ओळखत होतो, पोर माझ्या कडेवर खेळलेली.

"मालकीण, डोकं फिरलंय का तुमचं? कळलं तर काच फोडतील, आणि नंतर आपल्याला."

"तिबोदादा, त्या माणसाला स्वतःच्या पोरी मोजता येत नाहीत. माझी एक खपून जाईल."

खिडकी पसंत करायला उमराव सहकुटुंब आले. त्यांनी आपलं नाक पाहिलं, चिलखत पाहिलं, डुकराकडे बघून तोंड वाकडं केलं आणि निघाले. माझा जीव भांड्यात पडला. पण बाईसाहेब मागे राहिल्या. त्या आई होत्या, त्यांनी मोजलं.

"ही सहावी," त्या म्हणाल्या. ओदेत पांढरीफटक पडली. बाईसाहेबांनी तिचा हात धरला. "तुला कोणी सांगितलं गं? ती जन्मताच गेली. बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून पुरायला चर्चची जागा नाही, नाव नाही. हे म्हणतात, ती धरायचीच नाही. आज असती तर एवढीच असती."

सांगून टाक बाई, मी मनात म्हणत होतो. ओदेत गप्प राहिली. सांगितलं असतं तर ती काच तिथेच निघाली असती.

"फक्त केस सोनेरी कर," बाईसाहेब डोळे पुसत म्हणाल्या. "आमच्यात काळे केस कोणाचेच नाहीत."

मी शिसं उकलून तो तुकडा काढून दिला, पण माझं डोकं तापलं होतं. "म्हणजे पोर देऊन टाकणार त्यांना?"

"मग काय करू, परत खड्ड्यात टाकू?" असं म्हणून तिने केसांचा काळा रंग घासून काढला आणि काचेच्या मागून चांदीचा लेप लावला. भट्टीत तो पिवळा होतो. पण पुन्हा भाजताना काच बऱ्याचदा तडकते, आणि खरं सांगतो, तडकावी असं मला वाटत होतं. तडकली नाही. केस सोनेरी झाले, खळी तेवढी राहिली. ओदेतने तुकडा उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, "बसव."

आता दर रविवारी बाईसाहेब पुढच्या बाकावरून खिडकीकडे बघतात आणि मोकळेपणी रडतात. ओदेत पार मागे, दाराशी उभी असते. तिला रडायची सोय नाही. उमरावाच्या पोरीसाठी तू का रडतेस, असं कोणीही विचारेल.