गल्लीकडच्या भिंतीतलं दार

या ग्रुपवरचे अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि, राग मानू नका, बऱ्याचदा हसते. मी आर्किटेक्ट आहे. भिंतीतून आवाज आला तर मी आधी त्यातून पाइप कुठून गेलाय ते बघते. माझ्या सासूबाई अमावास्येला नवीन काम सुरू करू देत नाहीत, त्यावरून आमची दरवेळी जुंपते. तर अशा बाईला हे लिहायला दीड वर्ष लागलं. शेवटी नवराच म्हणाला, "लिहून टाक एकदाचं, निदान घरात तरी तेच तेच बोलणार नाहीस."

काम होतं एका पोलीस स्टेशनच्या नव्या इमारतीचं. डोंबिवली पूर्वेला, कुठलं ते सांगत नाही. मी राहते घोडबंदर रोडला, ऑफिस ठाण्यात, म्हणजे साइटवर जायचं तर अर्धा दिवस गेलाच. पण काम मनापासून आवडलेलं. पोलीस स्टेशन म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, तो येऊ नये अशी इमारत करायची होती. आत आल्यावर छातीपर्यंतचा उंच काउंटर नको, समोरासमोर बसून बोलता येईल असं टेबल हवं. लॉकअप बाहेरच्या बाकावरून दिसू नये. बायका-मुलांसाठी वेगळी खोली, तिला खिडकी. आणि हे सगळं करून इमारत सुरक्षितही हवी, म्हणजे कोणी गाडी घेऊन घुसू नये, दगड मारला तर काच अंगावर येऊ नये. समोर गाड्या अडवायला मी लोखंडी खांबांऐवजी दगडी कट्टे ठेवले, लोक बसतील म्हणून. पोलिसांचे मोठे साहेब ड्रॉइंग बघून म्हणाले, "मॅडम, स्टेशन आहे, लग्नाचा हॉल नाही." पण हसत म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

साइटवर चहा आणायची ती सविता. शेजारच्या चाळीतली, तिशीची असेल. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला थर्मास घेऊन यायची. एकदा तिच्या हनुवटीवर काळंनिळं दिसलं, मी विचारलं. ती आधी म्हणाली नळावर पडले. मग माझ्या लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "ताई, एवढं चांगलं बांधताय, पण मी समोरून कशी येऊ? समोरच रिक्षा स्टँड आहे. माझा नवरा तिथेच असतो, आणि तो नसला तर त्याचे दोस्त. मी गेटच्या आत पाय टाकायच्या आधी त्याला फोन जाईल." तिचा स्वतःचा फोन नवऱ्याने काढून घेतलेला. एकदा त्याने तिला जुन्या पोलीस स्टेशनच्या दारातून केसांना धरून परत नेलेलं, हे तिने चहा ओतता ओतता सांगितलं.

त्या संध्याकाळी मी ड्रॉइंगमध्ये मागच्या गल्लीकडे एक दार टाकलं. छोटंसं, थेट बायकांच्या खोलीत उघडणारं. दुसऱ्या दिवशी सविताला स्क्रीनवर दाखवलंसुद्धा. "हे बघ, पिठाच्या गिरणीमागून यायचं. कोणाला दिसणार नाहीस." तिने बोट ठेवून कुठे ते नीट बघून घेतलं. मला केवढं भारी वाटलेलं स्वतःचं, काय सांगू.

पुढच्या मीटिंगला साहेब म्हणाले, मागे दार म्हणजे तिथे चोवीस तास एक माणूस बसवा, तो कुठून आणू? सुरक्षेच्या दृष्टीने एकच एंट्री ठेवा. मी दोन वाक्यं बोलले, मग म्हटलं, "बरं सर." ऑफिसला येऊन दार खोडलं, भिंत सरळ केली, नवीन प्रिंट साइटला पाठवली. सविताला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे... दोनदा ती चहा घेऊन समोर उभी होती आणि मी फोनवर असल्यासारखं केलं.

आता इथून पुढचं.

भिंती बांधायच्या आधी जमिनीवर खडूने रेघा मारतात, भिंत कुठे येणार त्या. दार असेल तिथे रेघ तोडायची. गवंडी ड्रॉइंग उघडून बसत नाही, त्याला जमिनीवर रेघ दिसते तशी तो वीट लावतो. मी एका गुरुवारी साइटवर गेले तर गल्लीकडच्या भिंतीत बरोबर तीन फुटांची जागा सोडून दोन्ही बाजूंनी कमरेपर्यंत वीटकाम झालेलं. मी अंकुश मिस्त्रींवर उखडले. बीडकडचे, साठीचे गृहस्थ, कामात एकदम चोख. ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच आल्ता की काल दुपारच्याला. खडू मागितला माझ्याकडं. ही बघा की तुमची खूण."

जमिनीवर दार उघडण्याची अर्धगोल रेघ होती आणि तिच्या टोकाला छोटा गोल, त्यात टिंब. ते गोल-टिंब मी कॉलेजपासून करते, कोणी शिकवलेलं नाही. आणि काल दुपारी मी ठाणे शहरात, साहेबांच्याच मीटिंगमध्ये होते, सात माणसांसमोर.

मला वाटलं कोणीतरी मस्करी करतंय. सुपरवायझरला झापलं, जागा बुजवून घेतली. मिस्त्री वीट लावताना एवढंच म्हणाले, "तुम्ही काय बोलला नाहीत काल, मॅडम. नुस्तं खडूसाठी हात पुढं केला. हात लई गार होता." मी चष्मा पुसत बसले.

तीन आठवड्यांनी बाहेरून प्लास्टर झालं. दुपारचे तीन वाजत आलेले, मजूर जेवून आडवे झालेले, मी बायकांच्या खोलीत विजेचे पॉइंट तपासत होते. भिंतीवर थापा पडल्या. बाहेरून. हलक्या हाताने, घाईने, कोणाला ऐकू जाऊ नये आणि तरी ऐकू जावं अशा. मी "कोण आहे?" विचारलं. थापा थांबल्या, मग खूप जोरात सुरू झाल्या. मी धावत वळसा घालून मागे गेले. गल्लीत कोणीच नव्हतं. भर उन्हात गिरणीचा आवाज तेवढा चालू होता. पण ओल्या प्लास्टरमध्ये दोन पंजे उमटलेले, माझ्या खांद्याच्या उंचीवर, बोटं फाकलेली. आणि तिथून खाली ओरखडे, जमिनीपर्यंत... जसं कोणी भिंतीला धरून खाली बसत गेलं. डाव्या पंजाशेजारी मनगटाच्या जागी बारीक गोल रेघा होत्या, बांगड्यांच्या.

मिस्त्रींनी बघितलं आणि थापीने सगळं सारखं केलं. मी साहेबांना हे कळवलं नाही. काय सांगणार होते? भिंतीला दार हवंय म्हणून? आर्किटेक्टचं डोकं फिरलं म्हणाले असते. सविता तेव्हाच चहा घेऊन आली, तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. मी बघितल्या. तरीही मी तिला दाराचं सांगितलं नाही, कारण मला तिच्याशी बोलायचीच भीती वाटायला लागलेली.

उद्घाटन झालं, फोटो छापून आले, कट्ट्यांचं कौतुक झालं.

त्यानंतर दोन महिन्यांनी तिथल्या महिला हवालदारांचा फोन आला. दुपारी साडेतीनला मागच्या गल्लीत एक बाई बेशुद्ध सापडली, नवऱ्याने पाठलाग करून मारलं, गिरणीवाल्याने आरडाओरडा केला म्हणून वाचली. शुद्धीवर आल्यापासून 'आर्किटेक्टताईंना बोलवा' म्हणतेय.

हॉस्पिटलमध्ये सविताचं डोकं बांधलेलं. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, आजही येत नाही. मी उजव्या बाजूला बसले आणि रडायलाच लागले, माफ कर म्हणाले. तिने माझ्याकडे अगदी नीट बघितलं.

"ताई, मी बरोबर आलेले. गिरणीमागून. दार होतं. तुम्ही आत उभ्या होतात, हात केलात मला, ये म्हणून. मी पोचले आणि दार लागलं. मी किती ठोकलं. तुम्हाला ऐकू येत होतं ना? मग उघडलं का नाहीत?"

त्या दिवशी साडेतीनला मी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले.

मी साहेबांसमोर जाऊन बसले आणि दार मंजूर होईपर्यंत उठले नाही. भिंत फोडली, दार बसवलं, आत बटण आणि कॅमेरा, ड्युटीवरच्या बाईला दिसेल असा. वेगळा माणूस लागला नाही. एवढं सोपं होतं ते. गेल्या महिन्यात हवालदारताईंचा फोन आला, "मॅडम, आज त्या मुलीला दारापर्यंत सोडून लगेच कुठे गेलात? चहा तरी घेऊन जायचा." मी त्या दिवशी ठाणे शहराबाहेर पडलेच नव्हते. कॅमेऱ्यात मुलगी एकटी दिसते. पण चालताना तिने कोणाचा तरी हात धरल्यासारखा स्वतःचा हात बाजूला धरलाय.

डॉक्टर म्हणतात डोक्याला मार लागल्यावर माणसाला काहीही आठवतं. मिस्त्रींचं वय झालंय, असंही म्हणता येईल. पंजांचं काय, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही, आणि मी विचारणंही सोडलंय. दुपारी तीननंतर मी त्या इमारतीत पाऊल ठेवत नाही.

सविता आता विठ्ठलवाडीला बहिणीकडे असते, नवऱ्यावर केस चालू आहे. दिवाळीला मी गेलेले, तिने जेवायला वाढलं. ते दार मी स्वतःच्या हाताने खोडलेलं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, दार होतं, मी आत होते आणि मी उघडलं नाही.