सैल बुचं

लेकीने नेलपॉलिश काढायची बाटली उघडली आणि तो फळासारखा गोडसर वास खोलीभर पसरला. मी थेट नाशिकच्या आमच्या भौतिक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले.

याच वासाचं एस्टर नावाचं रसायन आम्लात किती वेगाने तुटतं, हे मी आणि माझी सुरगाण्याची मैत्रीण वंदना मोजत होतो. आलेखावर बिंदू सरळ रेषेत यायला हवे होते, पण ते कुठेही भरकटायचे. सर वैतागून म्हणाले होते, "जमत नसेल तर विषय बदला." संशोधन आपल्याला झेपणारं नाही, असंच मला वाटू लागलं होतं.

"निदान वास तरी छान येतो इथे," मी म्हटलं.

वंदना फ्लास्ककडे बघतच राहिली. "अगं, वास आपल्या नाकात येतोय, म्हणजे माल फ्लास्कात नाय!"

बुचं सैल होती, एस्टर उडून जात होतं. बुचं घट्ट लावून पुन्हा मोजलं, तेव्हा बिंदू शहाण्यासारखे रांगेत बसले. त्या दिवशी खोलीत कसलाच वास नव्हता, आणि इतका मोकळा श्वास मी कितीतरी महिन्यांत घेतला नव्हता.

"आई, हसतेस काय?" लेक विचारते.

"आधी झाकण लाव," मी म्हणते.