भिंतीवरचं नाव

आमचा मामा पेंटर. बुटांचा कारखाना जोरात होता तेव्हा बाजारातल्या झाडून सगळ्या पाट्या त्याच्याच हातच्या. मग कारखाना बंद पडला, दुकानांना एकेक करून कुलपं लागली आणि मामाला काम उरलं ते निवडणुकांचं. तेही रग्गड! चिडलेले लोक दर खेपेला निवडून आलेल्याला घरी बसवायचे आणि नव्याला डोक्यावर घ्यायचे. नवाही भिंतीवर तेच लिहून घ्यायचा: 'कारखाना पुन्हा सुरू करणारच!' मामाला ती ओळ पाठ होती.

सगळ्यांना हवी असायची ती फाटकाशेजारची भिंत. तिच्यावर माणसाएवढ्या अक्षरांत कारखान्याचं नाव होतं. बाविसाव्या वर्षी मामाने ते रंगवलं, तेव्हा खाली शिडी धरायला पॅकिंग खात्यातली एक मुलगी उभी होती. तीच आमची मामी. म्हणून निवडणुकीच्या चुन्यात मामा कधी डिंक घालत नसे. चार पाऊस झाले की पुढारी वाहून जायचा आणि खालचं नाव परत दिसायचं.

गेल्या खेपेचा उमेदवार मात्र पोचलेला. ऑइलपेंटचे डबे घेऊनच आला.

"पाच वर्षं हललं नाही पाहिजे, पेंटर."

मामीचा चेहराच उतरला. "अहो, नाही म्हणा ना," ती घरी म्हणाली.

"नाही म्हटलं तर दुसऱ्याकडून करून घेईल. आणि तो नीट करेल."

मला तेव्हा मामाचा रागच आला होता.

मामाने आधी भिंतीला बिनडिंकाचा चुना जाड फासला आणि त्यावर साहेबांचा ऑइलपेंट चढवला. साहेब खूश. निवडूनही आले. वर्षभरात चुना सुटला आणि ऑइलपेंटचे पोपडे वचनासकट खाली आले. कारखाना अर्थातच बंद. साहेब तणतणत मामाच्या दारात.

"काय हे, पेंटर? रंग निकृष्ट वापरलात!"

"रंग तुमचाच होता, साहेब," मामा हात जोडून म्हणाला.

मी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी गेलो, तर मामा शिडीवर चढून नावातला एक उडालेला काना भरत होता. रंग नवाकोरा होता.

"हा कुठून आणलास, मामा?"

"साहेबांचाच. अर्धा डबा उरला होता."

खाली मामीने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती.

"त्यांच्याशी बोलू नकोस रे," ती म्हणाली. "हात हलेल."