कोपऱ्यात बसलेल्या मोटरी

वायपरची मोटर कोणी हातात धरून नुसती फिरवून दाखवली, तर सुपडाआक्का त्याला सरळ हाकलून द्यायची. "मोकळ्या हातात समद्याच नाचतात. काचेवर घास, मंग सांग," असं म्हणत ती घरातल्या भिंतीला टेकवलेल्या जुन्या गाडीच्या काचेवर तांब्याभर पाणी फेकायची.

सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत, नव्वदच्या सुमाराला, घरोघरीची माणसं कापड विणायच्या लूमवर जायची. आक्काचा नवरा मात्र जुन्या विलायती गाड्यांच्या वायपर मोटरी भंगारातून आणून कोपऱ्यावरच्या गाळ्यात विकायचा. त्या रॉकेलने धुऊन उघडायच्या, जोड्या लावायच्या, हे काम आक्काचं. मी तेव्हा गल्लीतली नवी सून. त्या काळ्या गोल वस्तू मिक्सरच्या वाटून मी विचारलं होतं, "आक्का, यात चटणी किती होते?" पुढे वर्षभर गल्ली मला चटणीवाली म्हणत होती.

"बाहेरून जुळ्या, पोटातून सवती," हे तिचं मोटरींबद्दलचं मत. दोन मोटरी अंगाने एकसारख्या असतात, पण आतल्या दातेरी चाकावरचा आकडा वेगळा असला की एकीची दांडी काचेवर कमी फिरते, दुसरीची जास्त.

नवरा अचानक गेला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आक्का घराच्या कोपऱ्यात बसली. काही महिने बाईने उंबरा ओलांडायचा नाही. मग माहेरच्यांनी नवं लुगडं आणून तिला उठवायचं. तेवढ्यात धाकट्या दिराने, एकनाथने, गाळ्यातला सगळा माल भंगारात काढायचं ठरवलं. बाई काय मोटरी विकणार, तिला गावी धाडू, असं तो म्हणत होता. माल गेला की आक्काचं सुरतेतलं पोट गेलं, हे सगळ्यांना कळत होतं.

आक्का उंबरा ओलांडत नाही ना, हे बघायला माझ्या सासूने मला पाळतीवर बसवलं. मी इतकी गुणी होते, की ती पोरगी आज भेटली तर तिचा कान पिळीन. डोळ्यांत तेल घालून मी आक्काच्या पायांवर नजर ठेवून होते. एके दुपारी तिने मलाच विचारलं, "कोपऱ्यात मी बसायचं. माझ्यासंगं काय बसायचं, ते कोणी ठरवलंय का?"

मी बराच विचार केला. तसं काही ठरलेलं नव्हतं.

"मंग ही धर गाळ्याची किल्ली."

दुःखाच्या घरी शेजारणी टोपलीतून भाकरी नेतात. त्या आठवड्यात आमच्या टोपल्या फार जड झाल्या. वर फडकं, फडक्याखाली दोन भाकरी आणि भाकरींखाली मोटरी. आक्काच्या ओट्यावर बसलेला एकनाथ आम्हा बायांना 'या वहिनी' म्हणत वाट देत होता. माझ्या टोपलीतून तेल गळून पातळावर ओघळ आला, तेव्हा भाजीला तेल जास्त झालं, असं मी त्याला सांगितलं. त्यानेही मान डोलावली.

भंगारवाला आला तेव्हा गाळ्यात नुसत्या फळ्या होत्या. एकनाथ भाऊबंदांना घेऊन घरी आला. आक्का कोपऱ्यात बसलेली, चहूबाजूंनी मोटरी. वहिनीने रीत मोडली, असं तो म्हणाला. "मी उठले का?" तिने विचारलं. "कोपरा किती बोटं सोडला, ते मोजा."

भाऊबंद मोजावं की नाही या विचारात असतानाच नानपुऱ्याचे एक म्हातारे पारशी बावाजी दारात उभे राहिले. एकनाथने गाळ्यातून उचलून त्यांना एक मोटर विकली होती, त्यांच्या बिघडलेल्या मोटरीसारखीच. "बेन, आ तो गांडी थई गई छे," मोटर वेडी झाल्याचं ते गुजरातीत म्हणाले. वायपर काच सोडून चौकटीवर आपटत होता. आक्काने त्यांची बिघडलेली आणि ही विकत घेतलेली, दोन्ही मोटरी शेजारी ठेवल्या. भाऊबंद वाकून पाहू लागले. हुबेहूब, असा निवाडा त्यांच्यातल्या एका आजोबांनी दिलाही. मग तिने दोघींची झाकणं काढली आणि आतली चाकं त्यांच्या पुढ्यात धरली. आकडे वेगळे होते. ढिगातून तिने बरोबर मोटर काढली, तिला वायपरची दांडी लावून बॅटरीला जोडली आणि मला काचेवर पाणी टाकायला सांगितलं. माझा नेम तेव्हाही वाईटच. निम्मं पाणी एकनाथच्या पँटीवर गेलं. दांडी मात्र जिथे थांबायला हवी तिथेच थांबून परत फिरू लागली.

आक्का संतापली की घरच्या अहिराणीत उतरायची. "कोपरा माले भाकर नही देई, एकनाथभाऊ. ह्या मोटरी देतीन. ह्या कोठे जावाव नहीत, आन् मी बी नही."

आजोबांनी चहा संपवला. बाई कोपऱ्यात आहे, माल बाईजवळ आहे, मग भांडण कशाचं, असं म्हणून ते उठले.

पुढे तिचा भाऊ लुगडं घेऊन आला. एकनाथने तिचं बोचकं बांधूनच ठेवलं होतं. रीत झाली की तिला तसंच गावी पाठवायचं, अशी अजून त्याला आशा. भावाने उठवायला हात पुढे केला. "थांब रे, कामात आहे," आक्का म्हणाली. हातातल्या मोटरीचं झाकण घट्ट बसवलं, लुगडं खांद्यावर टाकलं, आणि कोणाचाही हात न धरता ती उठली. मोटरींचं एक घमेलं कमरेवर घेऊन ती स्टेशनच्या नव्हे, गाळ्याच्या रस्त्याने चालू लागली.

आणि पाळतीवर बसवलेली मी? बॅटरी डोक्यावर घेऊन तिच्या मागे निघाले होते. सासू ओट्यावरून बघत होती, माझा डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता, आणि तो सावरायला माझा एकही हात मोकळा नव्हता.